राजापुरी घरात ठेवण्याजोगा जॅझ

जॅझची लाँग प्ले तबकडी बारा इंचांची असते, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटे वाजते. कोलंबिया कंपनीने ती १९४८ मध्ये बाजारात आणली. तोवर ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर वादकाला जेमतेम तीन मिनिटे मिळत. कोकणातल्या भजनीबुवांचा घसा साफ होईपर्यंत तेवढी संपतात. लाँग प्लेमुळे वादकाला मनसोक्त वाजवायला जागा मिळाली आणि चुकायलाही. जॅझने या दुसऱ्या सोयीचा लाभ पहिलीपेक्षा जास्त घेतला. ज्या तबकड्या आज अभिजात म्हणून जपल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांत काही ना काही बिनसलेले आहे: कुठे यंत्राची गती, कुठे मायक्रोफोन, कुठे पियानो, कुठे गायिकेची आठवण. घरात कोणती तबकडी ठेवावी हे ठरवताना हीच कसोटी वापरलेली बरी. निर्दोष संगीत मोबाईलवरही ऐकता येते. त्यासाठी कपाट अडवण्याची गरज नाही.

राजापुरात जॅझची तबकडी विकत मिळत नाही. जवाहर चौकात पंचे मिळतात, मासळी मिळते आणि जोराचा पाऊस झाला की अर्जुना आणि कोदवली या दोन्ही नद्याही तिथेच भेटतात. तबकडी मात्र मुंबईच्या चोरबाजारातून, मटण स्ट्रीटवरच्या जुन्या मालाच्या दुकानांतून आणावी लागते. ती आणणारा चाकरमानी गणपतीला येतो. त्याच्या पिशवीत तबकडी सापडली की घरात ठरलेल्या क्रमाने तीन प्रश्न निघतात: केवढ्याला पडली, वाजवायची कशावर, आणि ह्यात गाणारा कधी सुरू होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निम्मे सांगायचे असते. दुसऱ्याचे उत्तर पुढच्या वर्षी आणले जाते. तिसऱ्याचे उत्तर, बहुतेक तबकड्यांच्या बाबतीत, ‘होत नाही’ असे आहे.

तरीही जॅझ कळायला राजापूरकराला फारशी तयारी करावी लागत नाही. जॅझचा साचा साधा असतो: आधी सगळ्यांनी मिळून धून वाजवायची, मग त्याच स्वरसंगतीच्या आवर्तनावर एकेकाने आपापली बढत करायची आणि शेवटी पुन्हा सगळ्यांनी धुनेवर यायचे. मधला भाग आयत्या वेळचा असतो. कोकणात डबलबारीला समोरासमोर बसलेले दोन बुवा हेच करतात. एकाने गजरात जे टाकले त्याला दुसऱ्याने जागच्या जागी उत्तर द्यायचे, पखवाजवाल्याने दोघांची खोडी काढायची, आणि हे सारे पहाटेपर्यंत. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात सवालाला जवाब याच हिशेबाने येतो. अमेरिकेत दोन सॅक्सोफोनवाले चार-चार बार आळीपाळीने वाजवून एकमेकांना जेरीस आणतात, तेव्हा तिथेही बारीच रंगलेली असते. फक्त चहा नसतो. शिवाय वेळापत्रक न पाळणाऱ्या गोष्टींचा गावाला सराव आहे. उन्हाळे गावची गंगा साधारण तीन वर्षांनी येते असे म्हणतात, पण ती कधी लवकर येते, कधी उशिरा, आणि किती दिवस राहील हे तिलाच ठाऊक. ज्या गावाने तिच्या लहरीला तीर्थाचा मान दिला, त्याला ट्रम्पेटवाला धुनेवर कधी परतणार याची चिंता पडू नये.

परकेपणाचाही मुद्दा निघतो. राजापूरचा परक्या मालाशी संबंध जुना आहे: इंग्रजांनी इथे वखार घातली, पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी वखार खणून त्याची पुरती वसुली केली. जॅझ त्यामानाने गुपचूप आला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात उतरला. त्याच्यामागून आणखी आले, आणि त्यांचे वाजवणे गोव्याच्या पोरांनी उचलले. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही मुले मुंबईला यायची ती कॅसलरॉकवरून आगगाडीने किंवा किनाऱ्याने बोटीने. बोट मालवण, देवगड, विजयदुर्ग करत राजापूर तालुक्यातल्या मुसाकाजीलाही थांबे. म्हणजे एकाच डेकवर एकाच्या मांडीवर ट्रम्पेटची पेटी आणि शेजाऱ्याच्या मांडीवर फणस, अशी स्थिती अगदी संभवनीय होती. दोघांनाही मुंबईत जागा शोधायची होती.

या मुलांपैकी हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ हा ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला; त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतले नाचगाणे ओसरले आणि ही मंडळी सिनेमाच्या स्टुडिओकडे वळली. तिथे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, हजर होतेच. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. आजोबांनी त्यातल्या भगवानदादांची नक्कल करत घेतलेली गिरकी ही त्यामुळे, काटेकोरपणे पाहता, जॅझवरची गिरकी होती. हे आजोबांना सांगू नये. वयोमानाप्रमाणे ते पुन्हा घेऊन दाखवतात.

संग्रहाची सुरुवात लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ने करावी. ही ध्वनिमुद्रणे १९२५ ते १९२८ मधली, मुळात ७८ च्या तबकड्यांवरची. नंतर लाँग प्लेवर एकत्र आली. सुरुवातीच्या पाचांपैकी पियानोवर आर्मस्ट्राँगची पत्नी लिल हार्डिन. बायको पियानोला बसली असताना नवऱ्याने इतक्या उंच आवाजात वाजवल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. १९२६ च्या ‘हीबी जीबीज’मध्ये आर्मस्ट्राँगच्या हातून शब्दांचा कागद खाली पडला आणि त्याने अर्थहीन अक्षरांवर गाणे रेटून नेले आणि तिथूनच ही तऱ्हा निघाली, अशी आख्यायिका आहे. तसे गाणे त्याआधीही होते, त्यामुळे ती पुरती खरी नाही. पण भजनात अंतरा विसरलेल्या प्रत्येक बुवाने तीच युक्ती केलेली असल्यामुळे कोकणात तिच्यावर कोणी शंका घेत नाही. १९२८ च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सुरुवात मात्र आख्यायिकेच्या आधाराविना उभी आहे. एकट्या ट्रम्पेटची ती दहा-बारा सेकंदे ऐकून पुढच्या पिढीतल्या कित्येकांनी वाद्य हातात घेतले, आणि काहींनी ते खाली ठेवले.

‘जॅझ ॲट मॅसी हॉल’ ही तबकडी या कसोटीला सर्वांत पुरेपूर उतरते. १५ मे १९५३, टोरांटो. मंचावर चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच. असे पाच जण पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. सभागृह मात्र बरेच रिकामे, कारण त्याच रात्री मार्सियानो आणि वॉल्कॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती आणि लोक ती सोडायला तयार नव्हते. ती लढत पहिल्याच फेरीत संपली. पार्करच्या हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे वेष्टनावर त्याचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापले गेले. ओळखणाऱ्यांनी पहिल्या चार स्वरांत ओळखले. मिंगसला टेप ऐकताना आपला बेस ऐकूच येईना, म्हणून त्याने स्टुडिओत बसून स्वतःचा बेस पुन्हा वर चढवला. बिदागीवरूनही पुढे कुरबुर राहिली. एकंदरीत एखाद्या वाडीच्या जत्रेतल्या कार्यक्रमाला जे जे होते ते सारे इथे झाले, आणि संगीत तरीही असे की ऐकणाऱ्याने वाडीच्या कार्यक्रम समितीला माफ करावे.

‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ राजापुरात लावण्यापूर्वी एक खुलासा करावा लागतो. ७ जुलै १९५६ च्या रात्री ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यातल्या ज्या सॅक्सोफोनवाल्याने एका दमात सत्तावीस आवर्तनांची बढत केली, त्याचे नाव पॉल गोन्साल्व्हिस. हे नाव ऐकताच ऐकणाऱ्यांपैकी एक जण तरी ‘मडगावचा असणार’ म्हणतो आणि दुसरा त्याचे घर कुठल्या वाड्यावर ते आठवू लागतो. गोन्साल्व्हिसचे घराणे आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरचे. पोर्तुगीज तिथेही पोचले होते, एवढाच काय तो संबंध. त्याची बढत चालू असताना श्रोते खुर्च्यांवर उभे राहिले, नाचू लागले आणि आयोजकांचे धाबे दणाणले. उताराला लागलेला एलिंग्टन त्या एका रात्रीत पुन्हा वर आला. पण गोन्साल्व्हिस भलत्याच मायक्रोफोनसमोर उभा होता. कोलंबियाचा एक, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओचा दुसरा. तो दुसऱ्यात वाजवत राहिला. कंपनीने मग स्टुडिओत बराच भाग पुन्हा वाजवून घेतला, त्यावर टाळ्या चढवल्या आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाची तबकडी म्हणून विकली. चाळीस वर्षांनी रेडिओची टेप सापडली आणि १९९९ मध्ये खरा कार्यक्रम बाहेर आला. संग्राहकाने दोन्ही ठेवाव्यात. खोट्या टाळ्यांची तबकडीही पूर्वी मनापासून ऐकली गेलेली आहे आणि ते सुख परत करता येत नाही.

याच एलिंग्टनने १९६३ मध्ये सरकारी दौऱ्यावर हिंदुस्थान पाहिला आणि १९६७ मध्ये ‘फार ईस्ट सूट’ काढला. त्यातल्या एका तुकड्यात दिल्लीची साळुंकी क्लॅरिनेटवर बोलते. नाव अतिपूर्वेचे, पण बराचसा माल दिल्लीपासून पश्चिमेकडचा. दौऱ्यांवर पाठवलेल्या माणसांकडून भूगोलाची याहून जास्त अपेक्षा करू नये.

थेलोनियस मंक याची ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ १९५६ च्या अखेरीस मुद्रित झाली. शीर्षकाची रचना इतकी तिरपागडी होती की पंचवीस वेळा वाजवूनही एकदाही ती धड शेवटाला पोचली नाही. निर्माता ओरिन कीपन्यूज याने निरनिराळे तुकडे जोडून ती पुरी केली. मध्येच बेस ऐकू येईना म्हणून मायक्रोफोन तपासला, तर तो शाबूत होता. बेसवादक ऑस्कर पेटिफर्ड वैतागून तारांवर नुसते हात फिरवत होता. आरतीच्या चौथ्या कडव्यानंतर बहुसंख्य भाविक जे करतात ते त्याने व्यावसायिक पातळीवर केले. त्यातला सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेसाठी मुंबईत आला होता.

आता ‘काइंड ऑफ ब्लू’. जॅझची एकच तबकडी घरात असेल तर ती हीच असते, आणि जॅझ न आवडणाऱ्या घरांतही ती सापडते. १९५९ च्या २ मार्चला आणि २२ एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये, अशा दोन बैठकांत ती पुरी झाली. माइल्स डेव्हिसने वादकांपुढे पुरती रचना न ठेवता केवळ स्वरपंक्तींची टिपणे ठेवली. ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार एक पंक्ती, आठ बार तीच अर्ध्या स्वराने वर, पुन्हा आठ बार पहिली, बस्स. ती पंक्ती म्हणजे आपला काफी थाट. पेटीवर काफी धरून बसलेल्या कोणत्याही राजापूरकराला तीत शिरता येते. अडचण सोळा बारांनंतर येते, कारण पट्टी बदलली म्हणजे पेटीवाला बदलला असा आपल्याकडे समज आहे. जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडर्ली, बिल इव्हान्स, पॉल चेंबर्स, जिमी कॉब आणि एका तुकड्यापुरता विंटन केली: यांतला कोणीही घाई करत नाही. घाई यंत्राने केली. पहिल्या दिवशी मुद्रणाचे यंत्र किंचित हळू फिरत होते, त्यामुळे वाजवताना पहिली बाजू किंचित चढी लागते, आणि हे तीन दशकांहून अधिक काळ जगाला तसेच ऐकवले गेले. १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत ते सुधारले. जुनी, चढी प्रत ज्याच्याकडे आहे अशा राजापूरकराला एक खास सोय उपलब्ध आहे. ऐन आषाढात लाईट गेली की तबकडी मंदावत मंदावत थांबते, आणि थांबण्याच्या वाटेवर एका क्षणापुरता माइल्स डेव्हिस नेमका खऱ्या स्वरात येतो. ही सुविधा टोकियोच्या संग्राहकांना नाही.

त्याच वर्षअखेरीची डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’ कोकणात फार वेगळ्या कारणाने गाजायला हवी होती. चार मात्रांवर पोसलेल्या अमेरिकेत तिने पाच आणि नऊ मात्रा आणल्या म्हणून गहजब झाला. कंपनीला धाकधूक होती: सगळ्या रचना नव्या, ताल तिरके, वरून मुखपृष्ठावर अमूर्त चित्र. पॉल डेस्मंडची ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आहे, तीन आणि दोन अशी. ज्याने रोज सायंकाळी झपतालाचे दोन-तीन दोन-तीन ऐकले, त्याला हे अर्धे आवर्तन उलटे लावल्यासारखे वाटते आणि तो ‘मग पुढे?’ म्हणून पाहत राहतो. ‘ब्लू राँडो’ची नऊ मात्रांची चाल ब्रूबेकने १९५८ च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकली. त्याच दौऱ्यात तो मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसला. डेस्मंडने ‘टेक फाइव्ह’चे उत्पन्न मृत्यूनंतर रेड क्रॉसला ठेवले. वारसांत वाद नाहीत, बांधावरून भांडण नाही. राजापूर तालुक्याच्या दृष्टीने तबकडीतला सर्वांत अविश्वसनीय भाग हाच.

‘एला इन बर्लिन’ १३ फेब्रुवारी १९६० ची. ‘मॅक द नाइफ’ गाताना एला फिट्झजेराल्ड अर्ध्यावर शब्द विसरली आणि ‘विसरले’ हेच चालीत बसवून गात सुटली. त्याबद्दल तिला ग्रॅमी मिळाले. हा प्रसंग शाळेच्या स्नेहसंमेलनापूर्वी मुलांना सांगू नये.

‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ २५ जून १९६१ च्या कार्यक्रमाची. बिल इव्हान्सच्या पियानोमागे ग्लास किणकिणतात, कोणी हसते, कोणी बोलतच राहते. अकरा दिवसांनी पंचविशीतला बेसवादक स्कॉट लाफारो मोटार अपघातात गेला, आणि त्या बोलणाऱ्या मंडळींना आपण काय ऐकत नव्हतो हे बहुधा नंतर कळले. इथे विनोद करण्यासारखे काही नाही; तबकडी घ्यावी.

कसोटीला अपवाद एकच, ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४ रोजी कोल्ट्रेनने मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स यांना घेऊन ती एका दिवसात पुरी केली आणि तीत काहीच बिनसले नाही. चार भागांची ही उपासना आहे. पहिल्या भागाच्या शेवटी तीन शब्दांचा नामघोष सुरू होतो, आणि तिथे राजापुरातले सर्वांत नाराज श्रोतेही मान डोलावतात, कारण गजर कुठल्याही भाषेत गजरच असतो. एखादा हात टाळ शोधतो. शेवटच्या भागात कोल्ट्रेन वेष्टनावर छापलेली स्वतःची प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दांमागून शब्द म्हणतो. पुढल्या वर्षी झालेल्या मुलाचे नाव त्याने पंडित रविशंकरांवरून रवी ठेवले.

कीथ जॅरेटच्या ‘कोल्न कॉन्सर्ट’ने गाडी पुन्हा रुळावर, म्हणजे रुळावरून खाली, येते. २४ जानेवारी १९७५, रात्री साडेअकराच्या सुमारास, कोलोनचे ऑपेरागृह. मागवला होता एक पियानो, मंचावर आला भलताच: छोटा, वरचे स्वर पत्र्यासारखे, पॅडल नीट न चालणारे. जॅरेट वाजवायला तयार नव्हता. अठरा वर्षांच्या आयोजक मुलीने, व्हेरा ब्रँड्सने, त्याला कसेबसे राजी केले. वरचे स्वर वाईट म्हणून तो मधल्या पट्टीत राहिला, आवाज पोचेना म्हणून डाव्या हाताने तेच तेच घट्ट आवर्तन धरून ठेवले, आणि एकट्या पियानोची सर्वाधिक खपाची तबकडी तयार झाली. मंडळाच्या पेटीच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, हे माहीत असूनही रात्र काढणाऱ्या कोकणातल्या पेटीवाल्यांना या प्रसंगाचे नवल वाटत नाही. त्यांना नवल खपाच्या आकड्याचे वाटते.

देशी विभागात शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ (१९६८) अवश्य हवी. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, आणि तोडी, मालकंस, कलावती, शिवरंजनी असे राग. शास्त्रीय संगीताच्या जाणकारांना ती जॅझ वाटते आणि जॅझच्या जाणकारांना सिनेमा. तिसऱ्या कोणाला ती नुसती आवडते. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्या ‘शक्ती’ची पहिली तबकडी १९७६ ची, घरात घटम ऐकून पाणी भरायची आठवण होण्याचा धोका सोडल्यास तिच्याविषयी तक्रार नाही.

उरला प्रश्न पावसाचा. राजापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला काही भाग कपाटात पडतो. बुरशी आधी कागदी वेष्टन खाते, मग मळलेल्या खाचांत शिरते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात आणि वरच्या ढिगावर कोणीतरी पापड वाळत घालते. शुद्ध केलेले पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ सुती कापड एवढे पुरते. राजापुरी पंचा चालतो, पण बऱ्याच धुण्यांतून गेलेला. कोरा खळीचा नको. मधल्या कागदाला पाणी लावू नये. लाखेच्या जुन्या तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर लाख विरघळते: ज्या वादकांनी आयुष्यभर सोडली नाही, त्यांच्या तबकड्यांना दारू चालत नाही. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हातही तबकडी ओटीवर ठेवू नये, ती वाटीच्या आकाराची होते आणि मग तीत वस्तू ठेवल्या जातात.

उसनी देण्याबाबत नियम करून उपयोग होत नाही. गणपतीत नेलेली तबकडी शिमग्याला परत येते, पण आत भलतीच असते, बहुधा कीर्तनाची. ती नाकारू नये. ज्याची आहे तो मे महिन्यात आंबे काढायला येतो तेव्हा स्वतःची शोधत सगळ्या घरांतून फिरतो आणि माइल्स डेव्हिस कुणाकडे आहे ते त्याच्याकडूनच कळते.